एसएल मालिकेची सत्तर वर्षे आणि नव्या गाडीचे मोजमाप

मर्सिडीज-बेंझने जून २०२३ मध्ये ‘एएमजी एसएल ५५’ ही उघड्या टपाची गाडी २ कोटी ३५ लाख रुपयांच्या एक्स-शोरूम किमतीला भारतात आणली, तेव्हापासून ही गाडी एसएल मालिकेतील आपल्या पूर्वसुरींच्या तोडीची आहे की नाही, हा प्रश्न मोटारींची जाण असणाऱ्या मंडळींत वारंवार निघतो. मराठवाड्यात तो निघावा याला कारण आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेतील व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज गाड्या एकाच खेपेस घेतल्या आणि ६५ कोटींच्या त्या खरेदीची बातमी देशभर गाजली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून हे शहर गाड्या आणि त्यांचे सुटे भाग घडवणारे शहर आहे. वाळूजला बजाजचा कारखाना आणि त्याभोवती वाढलेले अॅल्युमिनियम ओतकामाचे, प्रेसकामाचे, वेल्डिंगचे उद्योग आहेत, तर शेंद्र्यात स्कोडाच्या कारखान्यात ऑडीच्या गाड्यांचीही जुळणी झालेली आहे. ज्यांनी स्वतः साचे पाहिले आहेत आणि जोडणीतील अर्ध्या मिलिमीटरसाठी रात्रपाळ्या केल्या आहेत, अशा वाचकांना या गाडीविषयी केवळ वेग आणि किंमत सांगून भागणार नाही. तुलना कशाशी करायची हे ठरवायचे, तर या मालिकेचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

एसएलचा उगम शर्यतीत आहे आणि तोही अडचणीतून झालेला. युद्धानंतरच्या जर्मनीत कंपनीकडे नवे शर्यतीचे इंजिन घडवण्याइतका पैसा नव्हता. हाताशी होते ते ‘३००’ या मोठ्या सेडानचे तीन लिटरचे जड इंजिन. अभियंता रुडॉल्फ उलेनहाउट यांनी त्यावर काढलेला उपाय असा, की इंजिनाची ताकद फार वाढवता येत नसेल तर बाकीच्या गाडीचे वजन उतरवायचे. बारीक पोलादी नळ्या त्रिकोणांत जोडून त्यांनी जो सांगाडा उभा केला त्याचे वजन जेमतेम पन्नास किलोंच्या घरात होते. हा सांगाडा बाजूंनी उंच असल्यामुळे नेहमीचा दरवाजा बसवायला जागाच उरली नाही, म्हणून दरवाजे छताला बिजागऱ्या लावून वर उघडणारे केले गेले. आज ज्या दरवाजांची छायाचित्रे दिवाणखान्यांत लावली जातात ते शोभेसाठी काढलेले नव्हते, ही गोष्ट पुढच्या साऱ्या चर्चेसाठी महत्त्वाची आहे. १९५२ मध्ये याच गाडीने ल मॉंची २४ तासांची शर्यत आणि मेक्सिकोतील कॅरेरा पॅनअमेरिकाना या दोन्ही जिंकल्या.

ती रस्त्यावर आली ती न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहामुळे. फेब्रुवारी १९५४ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात ‘३०० एसएल’ सादर झाली. चार-स्ट्रोक इंजिनाच्या उत्पादन मोटारीत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची पद्धत तिच्यात प्रथमच आली आणि तिचे इंजिन २१५ अश्वशक्ती देत होते. त्याच प्रदर्शनात, त्याच मंचावर, ‘१९० एसएल’ हीसुद्धा दाखवली गेली होती, आणि हा तपशील बहुतेक ठिकाणी एका ओळीत आटोपला जातो याचे मला नेहमी वाईट वाटते. ‘१९० एसएल’ साध्या सेडानच्या पायावर बांधलेली, चार सिलिंडरची, १०५ अश्वशक्तीची, उघड्या टपाची आणि संथपणे फिरायला जाण्यासाठी केलेली गाडी होती. पंखांसारखे दरवाजे उघडणारी ‘३०० एसएल’ १,४०० घडली आणि १९५७ पासून तिच्या जागी आलेली उघडी आवृत्ती १,८५८. ‘१९० एसएल’ मात्र २५,८८१ विकली गेली. म्हणजे एसएल या नावाखाली पहिल्या दिवसापासून दोन स्वभाव नांदत होते, एक शर्यतीचा आणि एक सहलीचा, आणि सत्तर वर्षांत प्रत्येक नव्या एसएलवर जी टीका झाली ती यांपैकी कोणता तरी एक स्वभाव दुखावला गेला म्हणून झाली.

मार्च १९६३ मध्ये जिनिव्हात आलेल्या ‘२३० एसएल’ने हे दोन्ही स्वभाव एका गाडीत आणले. तिचे काढून ठेवता येणारे धातूचे छत मध्यभागी खोलगट होते, म्हणून तिला ‘पॅगोडा’ हे नाव पडले. अनेकांना ती ‘३०० एसएल’पुढे मवाळ वाटली, कारण तिची ताकद १५० अश्वशक्तीच होती. पण त्याच वर्षी रॅलीचालक ऑयगेन ब्योरिंगर यांनी तीच गाडी घेऊन स्पा-सोफिया-लिएज ही युगोस्लाव्हिया आणि बल्गेरियाच्या खडबडीत रस्त्यांवरून जाणारी, गाड्यांची हाडे खिळखिळी करणारी रॅली जिंकली. त्याहूनही मोलाचे होते कंपनीचे अभियंता बेला बारेन्यी यांचे काम. प्रवाशांची खोली भक्कम ठेवायची आणि पुढचा-मागचा भाग धडकेत चुरगाळून धडक सोसेल असा करायचा, हे त्यांचे तत्त्व सेडानमधून प्रथमच स्पोर्ट्स गाडीत आले. खोलगट छतामुळे बाजूच्या काचा उंच ठेवता आल्या, आत बसणे सोपे झाले आणि पातळ पत्र्याला मजबुतीही मिळाली. १९७१ पर्यंत अशा ४८,९१२ गाड्या निघाल्या.

तिच्यानंतरची ‘आर-१०७’ (गाडीच्या पिढीला कंपनीने दिलेला हा अंतर्गत क्रमांक) तब्बल १८ वर्षे, १९७१ ते १९८९, उत्पादनात राहिली आणि तिने २,३७,२८७ गाड्यांचा टप्पा गाठला. वजन वाढले, व्ही-८ इंजिन आले, अमेरिका ही मुख्य बाजारपेठ झाली. त्या काळात उलटणाऱ्या गाड्यांविषयीचे अमेरिकेतील नियम इतके कडक होतील, की उघड्या गाड्या विकताच येणार नाहीत, अशी भीती साऱ्या उद्योगाला होती. इतर अनेक कंपन्यांनी हा प्रकारच सोडून दिला, तर मर्सिडीजने पुढच्या काचेचे खांब विलक्षण मजबूत करून तो टिकवला. शर्यतीच्या चाहत्यांना ‘आर-१०७’ कधीच फारशी आवडली नाही, तरी उघड्या गाड्यांची परंपरा त्या दशकात तगली यात तिचा वाटा मोठा आहे.

माझ्या मते या मालिकेचे शिखर १९८९ ची ‘आर-१२९’ आहे, आणि नव्या गाडीची तुलना करायची तर ती प्रामुख्याने हिच्याशी व्हावी. उघड्या गाडीत उलटल्यावर डोके वाचवायचे कसे, या प्रश्नाला तोवर एकच उत्तर होते, ते म्हणजे आसनांमागे कायमचा पोलादी दांडा. त्याने गाडीचे रूप बिघडत असे. ‘आर-१२९’मध्ये हा दांडा मागे दडवून ठेवला होता, आणि गाडी उलटण्याच्या बेतात आहे असे संवेदकांना जाणवताच तो ०.३ सेकंदांत उभा राहत असे. सीटबेल्ट थेट आसनाच्या सांगाड्यात बसवले गेले, त्यामुळे आसन कसेही सरकवले तरी पट्टा अंगाला नेमका बसे आणि धडकेचा सारा ताण आसनानेच सोसायचा असल्यामुळे ते आसन म्हणजे स्वतंत्र अभियांत्रिकीचे काम होऊन बसले. कापडी टप विजेच्या बटणावर, साधारण अर्ध्या मिनिटात, आपोआप उघडे किंवा बंद होई. मानेमागून येणारा वारा अडवणारी जाळीही याच गाडीने रूढ केली. कंपनीचे आरेखनप्रमुख ब्रूनो साक्को यांच्या देखरेखीखालील तिचे रूप आजही जुने वाटत नाही. आज कोणत्याही कंपनीची उघडी गाडी घ्या, तिच्यात ‘आर-१२९’च्या या कल्पनांपैकी एक तरी सापडते.

२००१ ची ‘आर-२३०’ ही घडी घालून डिकीत जाणाऱ्या धातूच्या छतासाठी ओळखली जाते. १६ सेकंदांत बंद छताच्या कूपेची उघडी गाडी होणे हे त्या काळी खरोखर थक्क करणारे होते, मात्र त्या यंत्रणेचे वजन आणि डिकीतील जागेचा बळी ही त्याची किंमत होती. विजेच्या संदेशावर चालणारी तिची ब्रेक पद्धत काळाच्या पुढे होती खरी, पण २००४ मध्ये दुरुस्तीसाठी या पद्धतीच्या गाड्या मोठ्या संख्येने परत बोलवाव्या लागल्या. २०१२ च्या ‘आर-२३१’मध्ये जवळजवळ संपूर्ण सांगाडा अॅल्युमिनियमचा झाला आणि वजनात १४० किलोंपर्यंत घट झाली. वाळूजच्या ओतकामवाल्यांनी तिचे कौतुक करावे इतके ते काम उत्तम होते. ग्राहकांनी मात्र तिच्याकडे पाठ फिरवली. तिचे रूप बेढब वाटले आणि त्याच दालनात एएमजी जीटीची उघडी आवृत्ती व एस-क्लास कॅब्रिओले या दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या. ज्याला वेग हवा तो पहिलीकडे वळला आणि ज्याला आराम हवा तो दुसरीकडे. एसएलचे दोन्ही स्वभाव कंपनीने स्वतःच दोन वेगळ्या गाड्यांना वाटून दिले होते, आणि मधली एसएल पोरकी झाली.

ऑक्टोबर २०२१ मध्ये जगापुढे आलेल्या नव्या ‘आर-२३२’कडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे, कारण त्या तिन्ही गाड्यांची जागा एकटीने भरून काढण्याचे काम तिच्यावर आले. ती प्रथमच संपूर्णपणे एएमजीने, म्हणजे कंपनीच्या वेगवान गाड्या घडवणाऱ्या शाखेने, अफाल्टरबाख येथे विकसित केली. सांगाडा पूर्णपणे नवा आहे. अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, पोलाद आणि तंतुमिश्रित प्लास्टिक अशा वेगवेगळ्या पदार्थांच्या जोडणीतून बनलेल्या या नुसत्या सांगाड्याचे वजन सुमारे २७० किलो आहे. धातूचे छत जाऊन पुन्हा कापडी टप आले, ज्यामुळे २१ किलो वाचले आणि तेही गाडीच्या सर्वांत उंच भागातून, म्हणजे वळणावर जिथे ते सर्वाधिक जाणवते तिथून. हे टप ६० किलोमीटर वेगापर्यंत चालत्या गाडीत १५ सेकंदांत उघडते. ‘आर-१२९’नंतर प्रथमच मागे दोन छोटी आसने परतली आहेत, चारही चाकांना ताकद देण्याची पद्धत एसएलमध्ये पहिल्यांदाच आली आहे आणि मागची चाकेही थोडी वळतात. ‘एसएल ५५’चे चार लिटरचे व्ही-८ इंजिन ४७६ अश्वशक्तीचे असून ० ते १०० हा वेग ती ३.९ सेकंदांत गाठते.

चालण्यात, वळण्यात आणि थांबण्यात ती ‘आर-२३०’ व ‘आर-२३१’ या दोघींपेक्षा सरस आहे, याविषयी मला शंका नाही. शर्यतीचा जो स्वभाव १९६० च्या दशकानंतर मागे पडत गेला होता, तो तिने परत आणला. तरीही जुन्या एसएलच्या मालकाला तिच्यात जे उणे वाटते, ते केवळ आठवणींत रमण्यातून आलेले नाही. पहिली गोष्ट सहजतेची. टप उघडण्याचे काम आता मधल्या पडद्यावर किंवा त्याखालच्या स्पर्शपट्टीवर बोट ठेवून करावे लागते. ‘आर-१२९’मधल्या भक्कम, न पाहता सापडणाऱ्या बटणापुढे हे पाऊल मागचे आहे. दुसरी गोष्ट आरामाची. ‘आर-२३०’ची ख्याती तिच्या द्रवदाबावर चालणाऱ्या सक्रिय सस्पेन्शनमुळे, म्हणजे रस्त्याचे धक्के शोषणाऱ्या यंत्रणेमुळे होती; नव्या पिढीत तशा धर्तीची द्रवदाबाची यंत्रणा वरच्या ‘एसएल ६३’साठी राखली गेली असून भारतात आलेल्या ‘एसएल ५५’मध्ये नेहमीच्या स्प्रिंगा आहेत आणि त्या कडक आहेत. डिकीत टप बंद असताना २४० लिटर जागा उरते, जी ‘आर-२३१’च्या निम्म्याहूनही कमी आहे. मागची आसने दीड मीटरपेक्षा उंच माणसासाठी नाहीत, असे कंपनीच सांगते. आणि वजन कमी राखण्याच्या ज्या हट्टातून ही मालिका जन्मली, तिची ही वारस सुमारे १९०० किलोंची आहे, तर ‘३०० एसएल’ साधारण १३०० किलोंची होती. यात सुरक्षेचा, आरामाच्या सोयींचा आणि चारचाकी ताकदीचा वाटा असला तरी आकडा डोळ्यांआड करता येत नाही.

मराठवाड्यातील वापराचा विचार केला तर हे गुणदोष आणखी ठळक होतात. जालना-संभाजीनगर पट्ट्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, त्यामुळे तिच्या २९५ किलोमीटरच्या कमाल वेगाला येथे अर्थ नाही; मात्र त्या सपाट काँक्रीटवर तिची स्थिरता आणि कापडी टपाखालची शांतता खरोखर उपभोगता येते. महामार्ग सोडून तालुक्याच्या रस्त्याला लागताच कडक सस्पेन्शन आणि कमी उंची सतावू लागते. एप्रिल-मेच्या उन्हात येथे टप उघडणे अशक्यच. पडद्यावर ऊन पडून तो दिसेनासा होऊ नये म्हणून तो १२ ते ३२ अंशांपर्यंत कलवता येतो, ही सोय जर्मन उन्हाळ्यापेक्षा आपल्याकडेच अधिक कामाची आहे. पाऊस सरल्यावर किंवा थंडीच्या सकाळी, दौलताबादहून खुलताबादचा घाट चढून वेरूळकडे जाताना, अशी गाडी कशासाठी बनवतात ते कळते. आणि त्या रस्त्यावर ५० किलोमीटरच्या वेगाने जाताना ‘पॅगोडा’ किंवा ‘आर-१२९’ जो आनंद देते, तो मिळवण्यासाठी ४७६ अश्वशक्तीची गरज पडत नाही.

म्हणूनच माझे मत असे, की नवी एसएल ‘३०० एसएल’ची वारस म्हणून बऱ्याच अंशी उतरते आणि ‘१९० एसएल’ची वारस म्हणून कमी पडते. ‘पॅगोडा’ने सुरक्षित सांगाडा दिला, ‘आर-१२९’ने दडवलेला दांडा दिला, ‘आर-२३०’ने घडीचे छत आणखी वरच्या वर्गात नेले; ‘आर-२३२’मध्ये जे आहे ते उत्कृष्ट असले तरी उघड्या गाडीच्या प्रश्नाला तिने दिलेले नवे उत्तर दाखवता येत नाही. ही उणीव कंपनीलाही जाणवली असावी, असे पुढच्या घटनांवरून दिसते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिने याच सांगाड्यावर ‘मर्सिडीज-मेबाख एसएल ६८०’ सादर केली आणि मार्च २०२५ मध्ये ती ४ कोटी २० लाखांच्या किमतीला भारतात आणली. तिच्यात मागची आसने काढून टाकली आहेत, सस्पेन्शन मऊ केले आहे आणि इंजिनाचा आवाज दाबला आहे, म्हणजे जो संथ, आरामशीर स्वभाव एकेकाळी साध्या एसएलमध्येच मिळत असे, तो आता जवळपास दुप्पट किमतीच्या वेगळ्या गाडीत विकला जात आहे.