जुन्या पीसीची होम लॅब: मे महिन्यातही चालेल अशी

विंडोज १०चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, त्यामुळे कार्यालयांमधले चौथ्या-सहाव्या पिढीचे आय५ पीसी जुने ठरले. लिनक्ससाठी ते अजून धडधाकट आहेत, आणि त्यांच्यावर होम लॅब, म्हणजे घरच्या घरी चालणारा छोटा सर्व्हर, उभी करता येते. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेल्या ८ जीबी रॅमच्या पीसीवर घरचा फाइल सर्व्हर, जाहिराती अडवणारा पाय-होल आणि व्हिडिओ दाखवणारा जेलिफिन एकत्र चालतात. एकाच पीसीवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर तीन-चार मशीन हवी असतील, तर १६ जीबी रॅम घ्या आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे का ते पाहा.

मात्र खान्देशात खरी परीक्षा प्रोसेसरची नाही, उन्हाची आणि विजेची आहे.

पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत खोली २५ अंशांवर असताना पूर्ण भाराला ७० दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात, खोली ४२ वर गेली की, ८७च्या आसपास जातो. १००जवळ तो स्वतःच वेग कमी करतो, म्हणून सहसा बिघडत नाही. हार्ड डिस्कला अशी सोय नाही. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंश असते आणि बंद डब्यात ती ओलांडायला वेळ लागत नाही. एसएमपीएसमधल्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) कपॅसिटरचे आयुष्य तर दर १० अंशांना ढोबळमानाने निम्मे होते. म्हणून पत्र्याची खोली टाळा. धाब्याच्या घरातली आतली खोली उत्तम.

कूलरच्या झोतात पीसी ठेवू नका, हे आवर्जून सांगायला हवे. दमट हवेने धूळ हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत चिखलासारखी थापली जाते आणि कनेक्टर गंजतात. जिनिंगजवळच्या घरांत रुईची तुसेही अडकतात. ब्लोअरने झटकताना पंख्याचे पाते बोटाने धरा, नाहीतर पंखा बेफाम फिरून बेअरिंग खराब होते. हीटसिंक काढलाच आहे तर त्याखालची उष्णता वाहणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी वाटाण्याएवढीच लावा. पीसीचे घड्याळ मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ बटण-सेल बदला.

जुनी डिस्क वापरण्याआधी तिचा ‘स्मार्ट’ अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद, वाचा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न येणारे, संशयित भाग) शून्य नसेल तर तिच्यावर घरचे फोटो ठेवू नका. ‘रिअलोकेटेड सेक्टर’चा (खराब झाल्याने बदललेल्या भागांचा) आकडा वाढत असेल तरीही हाच नियम. सिस्टिमसाठी १२० किंवा २४० जीबीची नवी साटा एसएसडी घ्या, आणि रॅमवर मेमटेस्ट या तपासणी-प्रोग्रॅमच्या निदान दोन फेऱ्या करा. सदोष रॅम फायली गुपचूप बिघडवते, म्हणून ही तपासणी टाळू नये.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असे समजा. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना बॉडीशी जोडतात. अर्थिंग तुटले की बॉडीवर पुरवठ्याच्या निम्मा, सुमारे ११५ व्होल्ट दाब दिसतो. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटरने दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर वायरमनला दाखवा.

असा पीसी रिकामा असताना ३० वॅटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे महिन्याला साधारण २२ युनिट. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-अवर. इन्व्हर्टरमधला तोटा आणि उन्हाने थकलेली बॅटरी धरली तर अर्ध्या तासावरच भरवसा ठेवा. लोडशेडिंग त्याहून लांबले तर पीसी आपोआप नीट बंद व्हावा म्हणून यूपीएसची यूएसबी वायर जोडून ‘नट’ हे सॉफ्टवेअर बसवा. सगळ्याच यूपीएसना हे पोर्ट नसते, घेण्याआधी मागची बाजू बघा. वीज आल्यावर पीसी स्वतः सुरू व्हावा यासाठी बायोसमध्ये ‘पॉवर लॉस’नंतरची सेटिंग ‘ऑन’ करा, आणि मुख्य स्विच बंद-चालू करून ती खरेच चालते का हे एकदा बघून घ्या.