किडनी बदलली, पण गोळ्यांचे पैसे कुणी द्यायचे?

वाशीच्या रुग्णालयातून हृदय निघतं, वाहतूक पोलीस एकेक सिग्नल मोकळा करत जातात, रुग्णवाहिका ऐरोली पुलावरून मुलुंड गाठते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'ग्रीन कॉरिडॉर'ची बातमी येते. घाई खरीच असते. शरीराबाहेर काढलेलं हृदय चार ते सहा तास टिकतं, यकृत साधारण बारा तास, किडनी मात्र बर्फात ठेवली तर चोवीस तास, कधी त्याहून जास्तही. संध्याकाळी सातला ठाणे-बेलापूर रोडवर अडकलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पण पैशाचा हिशेब मांडला तर या सगळ्यातला सर्वात स्वस्त भाग हाच. मोठा खर्च होतो तो आदल्या रात्री आयसीयूमध्ये, आणि नंतर वर्षानुवर्षं औषधाच्या दुकानात.

आधी दुकानाचं बघू. सर्वात लांब रांग किडनीसाठी आहे. किडन्या निकामी झालेला माणूस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, डायलिसिसच्या खाटेवर असतो. एका डायलिसिसला मशीन शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध केलेलं पाणी वापरतं. वर्षाला दीडशेच्या वर फेऱ्या होतात. दिव्याहून किंवा कोपरखैरण्याहून लोकलने येणाऱ्याची नोकरी त्यात टिकत नाही, आणि सोबत येणाऱ्या बायकोचीही. सरकार इथे अगदीच हात वर करून बसलेलं नाही. 2016 पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतली किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली. उरलेले पैसे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्यूआर कोड फिरवून जमतात.

ऑपरेशनमध्ये जुन्या किडन्या बहुधा काढतच नाहीत. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात, आणि सगळं जमलं तर टेबलावरच तिच्यातून लघवी सुरू होते. बाहेर नातेवाईक म्हणतात, सुटलो एकदाचे. इथूनच पुढचं गणित चुकतं.

आपल्या प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ओळख पटवणारी प्रथिनं असतात. दात्याच्या पेशींवरची वेगळी दिसली की आपल्या टी-पेशी (शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी) त्यांना शत्रू ठरवतात. 1954 मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी केलेलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण टिकलं, कारण देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. इतरांमध्ये किडनी भरवशाने टिकायला वाट पाहावी लागली ती मातीतल्या सूक्ष्मजीवांची. नॉर्वेतल्या मातीतल्या एका बुरशीपासून टी-पेशींचा हा हल्ला दाबणारं सायक्लोस्पोरिन हे औषध मिळालं. 1984 मध्ये जपानच्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस. आज बहुतेक पेशंट टॅक्रोलिमसवरच असतात. ते टी-पेशींची एकमेकींना 'चला, वाढा' सांगणारी रासायनिक हाक दाबून धरतं. हाक दाबली जाते, बंद पडत नाही. म्हणून गोळी दर बारा तासांनी, आणि किडनी चालते आहे तोवर.

शिवाय हे औषध फार नाजूक हाताचं आहे. रक्तातलं प्रमाण कमी झालं तर शरीर किडनी नाकारायला लागतं. जास्त झालं तर औषधच किडनीला इजा करतं. त्यामुळे सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन पातळी मोजावी लागते. पपनस खाल्लं तर पातळी वाढू शकते. टीबी झाला आणि रिफाम्पिसिन सुरू केलं, तर यकृत टॅक्रोलिमस झपाट्याने संपवून टाकतं. आपल्याकडे टीबी किती आहे ते वेगळं सांगायला नको. गोळ्या आणि तपासण्या धरून सुरुवातीच्या काळात महिना दहा-पंधरा हजारांच्या घरात जातो. आणि दुसऱ्या वर्षाच्या गोळ्यांसाठी कुणी क्यूआर कोड फॉरवर्ड करत नाही. हात आखडला की माणूस दोनाऐवजी एकच गोळी घेतो. लगेच काही होत नाही. म्हणूनच ते धोक्याचं.

अमेरिकेने ही चूक मोठ्या प्रमाणावर करून दाखवली आहे. तिथे 1972 च्या कायद्याने मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून किडनीच्या रुग्णांच्या डायलिसिसचा खर्च भागतो. पण तरुण रुग्णाचं प्रत्यारोपण झालं की औषधांचे पैसे तीन वर्षांनी थांबायचे. गोळ्या परवडेनात, किडनी जायची, आणि माणूस पुन्हा त्याच महागड्या, सरकारी खर्चाच्या डायलिसिसवर. हे सुधारायला 2023 उजाडलं. आपल्याकडे केंद्राच्या कार्यक्रमात गरीब रुग्णांच्या औषधांसाठी मदतीची तरतूद आहे, पण योजनांचा सगळा तोरा अजून ऑपरेशनच्या पॅकेजभोवती आहे. माझं मत विचाराल तर पॅकेजची रक्कम आणखी वाढवण्याआधी टॅक्रोलिमस आणि त्याची रक्ततपासणी तालुक्यापर्यंत मोफत पोचवावी.

किडनी विकू द्या, प्रश्न मिटेल, असं म्हणणारेही भेटतात. इराणमध्ये तशी सरकारी देखरेखीखालची व्यवस्था आहे. आपल्याकडे तो गुन्हा आहे: पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड. विकणारा कोण असेल हे पाहिलं की कायदा योग्यच वाटतो.

आता आयसीयू, म्हणजे दात्याची बाजू. मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडल्याचं, जाहीर करायला चार डॉक्टर लागतात आणि सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या. त्यातली निर्णायक चाचणी अशी: व्हेंटिलेटर सोडवतात, नळीतून फक्त ऑक्सिजन देतात आणि छातीकडे बघत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरावीक पातळीच्या वर चढला तरी छाती हलली नाही, तर श्वासाचं केंद्र मेलेलं आहे. हृदय मात्र चालू असतं, आणि ते चालू ठेवणं जिकिरीचं. मेंदूतून येणारं संप्रेरक थांबल्यामुळे लघवी लिटरच्या लिटर होऊ लागते, रक्तदाब कोसळतो, अंग गार पडतं. सलाइन, रक्तदाबाची औषधं, गरम पांघरुणं, तासातासाला तपासण्या. मुंबईचं झेडटीसीसी (अवयववाटप बघणारं विभागीय केंद्र) प्रतीक्षायादीतून अवयव कुणाला द्यायचे ते ठरवेपर्यंत हे चालू ठेवावं लागतं.

याचं बिल कुणाचं? अवयव प्रत्यारोपणाचे 2014 चे नियम स्पष्ट आहेत. मेंदूमृत्यू जाहीर झालेल्या व्यक्तीची देखभाल, अवयव काढणं, जपणं आणि नेणं यांचा खर्च दात्याच्या कुटुंबाने करायचा नाही. तो घेणारा रुग्ण, रुग्णालय, सरकार किंवा एखादी संस्था करू शकते, ते राज्याने ठरवायचं. अडचण बिलिंग काउंटरवर येते. अपघातापासून मेंदूमृत्यू जाहीर होईपर्यंतचं बिल घरच्यांचंच असतं, आणि दोन्ही भाग एकाच फाइलमध्ये, एकाच नावावर. होकार देणाऱ्या घरच्यांना पहाटे चारला हे दोन आकडे वेगवेगळ्या कागदांवर मिळायला हवेत, आणि दुसऱ्या कागदावर पैसे भरणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव नको.