सुक्या बोंबलाचा वास आणि सोसायटीतली भांडणं

मुंबईतल्या सोसायट्यांत मासळीच्या वासावरून होणारी भांडणं पावसाळ्यात जास्त पेटली तर नवल नाही. राज्याच्या किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. ताजी मासळी महागते, आणि आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरून ठेवलेले बोंबील, सोडे, सुकट, जवळा डब्यातून बाहेर निघतात. खिडक्या पावसामुळे बंद आणि तव्यावर सुका बोंबील.

पूर्वी या वासाचं कुणाला काही वाटत नसे, असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. कोकणात मासे परसात साफ होत, बोंबील चुलीच्या निखाऱ्यावर भाजला जाई आणि कौलांच्या फटींतून धुराबरोबर वासही निघून जाई. घाटावर घरात म्हातारा माळकरी असेल, तर मटणाची चूल बाहेर, तीन दगडांवर. वशाटाची भांडीही वेगळी. शाकाहारी घरंही यातून सुटलेली नव्हती. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून कांदाभजी, भरली वांगी यांवर ताव मारून घ्यायचा. स्वयंपाकाच्या वासावर घरोघरी बंधनं होती, पण ती ज्याची त्याने घातलेली.

शेजाऱ्याच्या वासाचा प्रश्न मात्र गावाच्या रचनेनेच मिटवला होता. कोळीवाडा किनाऱ्याला, ब्राह्मणआळी वेगळी, दलितांची वस्ती वेशीबाहेर. एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या माजघरात जायचा संबंधच नव्हता. कुणाच्या घराला कसला वास येतो यावरून माणसाची पायरी ठरवायची सवय त्या काळातली आहे; ती टॉवरमध्ये जन्मलेली नाही.

मुंबईने हे अंतर मोडलं, तेही पूर्णपणे नाही. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दूषित हवेतून रोग पसरतात ही समजूत तेव्हा अजून जोरात होती, त्यामुळे कोंदट वस्त्या पाडून हवा खेळवण्यावर भर राहिला. १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एका खोलीत शेगडी, मोरी, अंथरूण आणि बाहेर सगळ्यांचा मिळून एक व्हरांडा. तिथे कुणाकडे काय शिजतंय हे लपणं अशक्य. चाळीच्या आठवणी सांगताना या घमघमाटाचं फार कौतुक होतं. पण चाळींतही अनेकदा एका गावची, एका जातीची माणसं शेजारी-शेजारी राहत, हे त्या आठवणींत सहसा येत नाही.

माझ्या मते खरा बदल गॅसने केला. १९५५ मध्ये बर्मा शेलने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस विकायला सुरुवात केली आणि हळूहळू चूल, शेगडी, स्टोव्ह मागे पडले. लाकडाचा धूर किंवा रॉकेलचा दर्प असताना मासळीचा वास त्यातच मिसळून जाई. धूर गेला आणि वास एकटा उरला. पुढे उंच इमारतींत स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडू लागली. गरम हवा वर चढते, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरचा बोंबील सातव्यालाही कळतो. समुद्री मासळीतला हा वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या द्रव्याचा. आंबटाशी संयोग झाला की ते हवेत कमी उडतं, म्हणून कोकम, चिंच, लिंबू घातलेलं कालवण तितकं दरवळत नाही. नुसता भाजलेला बोंबील मात्र काहीच राखून ठेवत नाही.

दरम्यान घरंही सहकारी होत गेली. मुंबईतली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची, गावदेवीतली, सारस्वतांची. म्हणजे सुरुवातच ज्ञातीपासून. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारी उपविधी, म्हणजे संस्थेचा अंतर्गत नियम, वैध ठरवली. तो निकाल सभासदत्वापुरता होता, ताटात काय आहे याच्याशी त्याचा संबंध नव्हता. स्वयंपाकाच्या वासाची तक्रार वेगळ्या वाटेने येते. सभासदाने इतरांना उपद्रव होईल असं वागू नये, असं आदर्श उपविधींत आहे. त्यात मासळीचं नाव नाही. अर्ज मात्र त्याच कलमाचा आधार घेऊन लिहिला जातो. आणि जिथे अर्जाची वेळच येऊ द्यायची नसते, तिथे भाड्याचं घर दाखवण्याआधी एजंट फोनवरच विचारतो, ‘तुम्ही नॉनव्हेज खाता का?’