बांध की चढ? जीपच्या व्हीलबेसचं गणित

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजात जुनी जीप घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवलेली होती. मिस्त्रींनी पुढच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या तुंब्याच्या, मध्यावरून ओळंबा सोडला आणि फरशीवर खडूनं फुली मारली. मागच्या हबखाली दुसरी. मग टेप ताणला: 80 इंच. विलीज कंपनीच्या मूळ जीपचं हेच माप. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं, म्हणजे चाकांच्या आसांमधलं, हे अंतर म्हणजे व्हीलबेस. मालकाला गाडी उंच करून मोठे टायर घालायचे होते. मिस्त्रींनी एकच विचारलं, "गाडी घालणार कुठं?"

उसाच्या पट्ट्यात गाडीची परीक्षा बांध घेतो. पुढची चाकं बांध उतरलेली, मागची अजून चढायची, आणि मधलं पोट मातीवर टेकलेलं. भार पोटावर गेला की चारही चाकं फिरली तरी पकड लागत नाही. कागलकडच्या एका पाणंदीत मित्राची लांब गाडी अशीच बसली. पोटाखालची माती फावड्यानं उकरली तेव्हा कुठं निघाली. किती टोकदार उंचवटा ओलांडता येईल, हे पोटाची उंची आणि व्हीलबेस यांच्या प्रमाणावर ठरतं. पोट 10 इंच उंच असेल, तर ढोबळ हिशेबानं 80 इंची गाडीला 28 अंशांचा कोन मिळतो, 100 इंचीला साडेबावीस. वळणाचंही तसंच. चाकं 30 अंश वळवली तर वळणाची त्रिज्या व्हीलबेसच्या दुप्पट होते: एकीची 4 मीटर, दुसरीची 5. पाणंदीच्या काटकोनात हा एक मीटर फार मोठा असतो.

आता तीच आखूड गाडी गगनबावड्याकडच्या जांभ्याच्या चढाला लावा. समजा गाडी दीड टनाची, दोन्ही अ‍ॅक्सलवर सारखा भार, गुरुत्वमध्य जमिनीपासून 30 इंच आणि चढ 30 अंशांचा. अशा चढावर जमिनीला दाबणारा भार 1300 किलोंवर येतो. त्यातला निम्मा, म्हणजे 650, पुढच्या चाकांचा. पण उंचीमुळे भार मागं सरकतो. 80 इंची गाडीत 281 किलो सरकतात आणि पुढं जेमतेम 370 उरतात. 100 इंचीत 225 सरकतात, 425 उरतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग ऐकत नाही आणि दगडावर नाक उचललं जातं. उतारावर उलटं: मागची बाजू हलकी होते आणि ब्रेक दाबताच घसरून फिरते.

बरेच जण इथं थांबून 'आखूड की लांब' यावर वाद घालतात. मला पुढची पायरी जास्त मोलाची वाटते. 100 इंची गाडीला 28 अंशच हवे असतील, तर तिचं पोट अडीच इंच उचलायचं. गुरुत्वमध्य तेवढाच वर गेला, तरी मागं सरकणारा भार 244 किलो होतो. आखूड गाडीपेक्षा तरीही कमीच! ही उंची नडते ती आडव्या उतारावर, कारण डाव्या-उजव्या चाकांमधली रुंदी तीच राहते. उलट आखूड गाडी उचलली की तिचा तोकडा प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद अ‍ॅक्सलकडे नेणारा फिरता दांडा) फार तिरका होतो, गाडी थरथरते आणि त्याच्या टोकांचे सांधे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, लवकर जातात.

वाढवायचे इंच मागं घालावेत. गाडी मागं उलटेल का, हे गुरुत्वमध्यापासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतच्या अंतरावर ठरतं. पुढचा अ‍ॅक्सल पुढं नेल्यानं समोरच्या दगडाला बंपर लागायचा टळतो, पण हे अंतर फारसं बदलत नाही.

जिप्सीचा व्हीलबेस 2375 मिलिमीटर, 2020 च्या थारचा 2450; म्हणजे साधारण 93 ते 96 इंच. बांध आणि डोंगर दोन्ही असलेल्या आपल्या मुलखाला हाच पट्टा मानवतो, असं माझं मत. थार रॉक्सचे 2850 मिलिमीटर बांधावर जड जातील. आणि एक: व्हीलबेसची नोंद आरसीत, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात, असते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ मापांशी विसंगत फेरफार चालत नाही. रस्त्यावर फिरवायच्या गाडीची चॅसी कापण्याआधी हे ध्यानात असू द्या.

त्या दिवशी मालक म्हणाले, "शेतातनं बाहेर काढायची नाही. पण शेत डोंगराला लागून आहे, बांध बी हाय आन् चढ बी."

मिस्त्रींनी टेप पुन्हा ताणला आणि दुसऱ्या फुलीच्या मागं 13 इंचांवर तिसरी फुली मारली.