रक्तातलं लोह जातं कुठे?

रिपोर्टवर हिमोग्लोबिन 9 आलं की घरात सल्ले सुरू होतात. बीट खा, खजूर खा, गूळ-शेंगदाणे खा, पालेभाज्या वाढवा. या सल्ल्यांत चूक काही नाही. पण शरीर लोह कसं वापरतं हे एकदा नीट पाहिलं, की खाण्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न समोर येतो आणि तो फार कमी घरांत विचारला जातो. अंगात असलेलं लोह जातंय कुठे?

आधी हे लोह करतं काय ते पाहू. सुदृढ माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 20 मिलिलिटर ऑक्सिजन असतो. त्यातला नुसता विरघळलेला भाग जेमतेम 0.3 मिलिलिटर, बाकी सगळा हिमोग्लोबिन या लोह असलेल्या प्रथिनाने धरलेला. हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं. म्हणजे हिमोग्लोबिन नसतं तर शरीराला मिनिटाला 15 मिलिलिटर ऑक्सिजन मिळाला असता. नुसतं स्वस्थ पडून राहायचं म्हटलं तरी 250 लागतो.

हे हिमोग्लोबिन तांबड्या पेशीत ठासून भरलेलं असतं. मेदूवडा करताना मधे आरपार भोक न पाडता दोन्ही बाजूंनी बोटाने नुसतं दाबलं तर जो आकार येईल, तो या पेशीचा आकार. व्यास 7 ते 8 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा साधारण सव्वाशेवा भाग. मधे खोलगट असल्यामुळे ती सहज वाकते, दुमडते आणि स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही निघून जाते. हाडांच्या मगजातून बाहेर पडण्याआधीच ती आपलं केंद्रक टाकून देते. ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाही सोडते. त्यामुळे ऑक्सिजन जाळायची सोयच तिच्यात उरत नाही. वाहून नेते तो ऑक्सिजन कणभरही स्वतःसाठी न वापरता ती थोड्याशा ग्लुकोजवर तग धरते.

एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू. प्रत्येक रेणूत हीम नावाचे चार घटक आणि प्रत्येक हीमच्या मध्यावर लोहाचा एक अणू. फुप्फुसात पहिल्या लोहाला ऑक्सिजन चिकटला की अख्ख्या रेणूची ठेवण थोडी बदलते आणि उरलेल्या तिघांना ऑक्सिजन पकडणं सोपं होतं. ही ठेवण शोधायला मॅक्स पेरुत्झ यांनी केंब्रिजमध्ये 1937 साली क्ष-किरणांनी सुरुवात केली. त्या कामाला नोबेल मिळालं 1962 साली.

मला मात्र पकडण्यापेक्षा सोडण्याची रीत जास्त विलक्षण वाटते. कामाला लागलेल्या स्नायूत कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढते, आणि नेमकी तिथेच हिमोग्लोबिनची पकड सैल होते. जिना चढताना मांडीच्या स्नायूला जास्त ऑक्सिजन हवा असतो, तो त्याला असा मिळतो. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम ख्रिस्तियान बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1904 साली दाखवला. पदार्थविज्ञानातल्या नील्स बोर यांचे हे वडील.

केंद्रक नाही, म्हणून डागडुजीही नाही. साधारण 120 दिवसांत पेशी म्हातारी होते. मधुमेह्यांची एचबीए1सी चाचणी तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते तो याच आयुष्यामुळे, कारण पेशी जगते तोवर साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. विदर्भात किंवा नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात पेशी दहा-वीस दिवसांतच मरतात, म्हणून अशा रुग्णात या चाचणीवर विसंबता येत नाही.

म्हाताऱ्या पेशीचा लवचीकपणा जातो. प्लीहेतल्या अतिशय अरुंद फटींतून तिला निघता येत नाही आणि तिथल्या भक्षक पेशी तिला गिळतात. यकृतातही हेच चालतं. मग हीम फोडलं जातं. त्यातून लोह सुटतं, थोडा कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि उरतं हिरवं बिलिव्हर्डिन. त्याचं पुढे पिवळं बिलिरुबिन होतं. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर टेबलाचा कोपरा लागून मांडीवर उठलेला डाग रोज बघा. आधी काळानिळा, काही दिवसांनी कडेने हिरवट, मग पिवळट होत तो विरतो. सांडलेलं रक्त भक्षक पेशी तिथल्या तिथे निकालात काढत असतात, त्याचे हे रंग. बिलिरुबिन पित्तातून आतड्यात जातं, आणि शौचाचा तपकिरी व लघवीचा पिवळा रंग त्याच्याच पुढच्या रूपांमुळे येतो. ते साचलं तर कावीळ.

रंग बाहेर टाकला जातो, लोह मात्र ठेवून घेतलं जातं. मोठ्या माणसाच्या अंगात लोह असतं 3 ते 4 ग्रॅम, त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी घडवायच्या तर रोज 20 ते 25 मिलिग्रॅम लोह लागतं. जेवणातून रोज शोषलं जातं फक्त 1 ते 2 मिलिग्रॅम. बाकी सगळं मेलेल्या पेशींतून काढलेलं. भक्षक पेशीतून ते फेरोपोर्टिन नावाच्या प्रथिनाच्या वाटेने बाहेर येतं, ट्रान्सफेरिन त्याला रक्तातून मगजापर्यंत पोचवतं आणि तिथे त्याची नवी पेशी होते. जास्तीचं लोह फेरिटिन नावाच्या प्रथिनात साठतं. मोकळं लोह शरीर कुठेच फिरू देत नाही. ते पेशींना इजा करतं, शिवाय जंतूंनाही ते हवंच असतं.

आणि शरीराकडे जास्तीचं लोह मुद्दाम बाहेर टाकायची कोणतीही यंत्रणा नाही. त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर जातं तेवढंच, रोजचं मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम. थॅलेसेमियाच्या मुलांना जन्मभर रक्त चढवावं लागतं, आणि दर पिशवीबरोबर 200 मिलिग्रॅमच्या आसपास लोह अंगात येतं. ते हृदयात, यकृतात साचतं. त्याला धरून बाहेर काढणारं औषध या मुलांना रक्ताइतकंच गरजेचं असतं.

मग लोह कमी का पडतं? आहारात कमी असणं, चहामुळे ते नीट न शोषलं जाणं ही कारणं खरी आहेत. जेवणावर लिंबू पिळावं आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा, हे मी आवर्जून सांगेन. पण लोह मोठ्या प्रमाणात जायचा मुख्य रस्ता आहे, रक्तस्राव. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. पाळीत 40 मिलिलिटर रक्त गेलं तर 20 मिलिग्रॅम गेलं. अंगावरून जास्त जात असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट, तेही दर महिन्याला. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रोज रक्त पितात. मूळव्याध वर्षानुवर्षं अंगावर काढली जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. यांतल्या किती जणींना पाळीबद्दल कुणी नीट विचारलं असेल? ‘बायकांचं असंच असतं’ म्हणून हा विषय मिटवला जातो, याचा मला राग येतो. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोह कमी निघालं, तर आतड्यातून किंवा जठरातून रक्त जातंय का हे तपासायलाच हवं. गोळ्यांनी आकडा वर येईल, पण आतला अल्सर किंवा गाठ तशीच राहील.

कधी कधी लोह गेलेलं नसतं, अडकलेलं असतं. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते फेरोपोर्टिनची वाट बंद करतं. जंतुसंसर्गात हे उपयोगी, कारण जंतूंना लोह मिळत नाही. पण संधिवात, क्षय, मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर हेप्सिडिन महिनोन्‌महिने चढलेलं राहतं. भक्षक पेशींत लोह भरलेलं आणि मगज मात्र उपाशी. आतड्यातली वाटही हीच असल्याने गोळीतलं लोह रक्तात नीट पोचत नाही. अशा वेळी मूळ आजारावर उपचार करावे लागतात. अंगात दाह असला की फेरिटिनही वाढतं, म्हणून एकट्या फेरिटिनचा आकडा चांगला दिसला तरी डॉक्टर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (ट्रान्सफेरिनवर किती लोह आहे ते) आणि सीआरपी (अंगात दाह आहे का ते) या चाचण्या करायला सांगतात. ती तपासणी टाळू नये.