वेबसाइटवर गूगल ॲनालिटिक्स आहे? मग प्रायव्हसी पॉलिसीचं पान हवंच

वेबसाइट सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात फोन येतो, "रोज किती लोक बघतात ते कळेल का हो?" आम्ही गूगल ॲनालिटिक्स जोडून देतो आणि आकडे दिसायला लागतात. पैसे पडत नाहीत, पण अटी असतात. खातं उघडताना आपण ज्यांवर न वाचता टिक करतो, त्या अटींतच लिहिलेलं आहे: साइटवर प्रायव्हसी पॉलिसी (पाहुण्यांची कोणती माहिती घेता हे सांगणारं पान) हवी, ॲनालिटिक्स वापरता हे त्यात सांगायला हवं, ते माहिती कशी गोळा करतं हे सांगायला हवं आणि कुकींचा उल्लेख हवा. खातं तुमच्या नावावर, म्हणून जबाबदारीही तुमचीच.

नेमकं घडतं काय? समजा, पुण्याच्या एका बाईंनी मोबाइलवर तुमच्या होमस्टेची साइट उघडली. लगेच त्यांच्या ब्राउझरमध्ये एक बारीकशी नोंद बसते, तीच कुकी. तिच्यात नाव नसतं, आपोआप तयार झालेला एक क्रमांक असतो. चार दिवसांनी बाई परत आल्या, की त्या क्रमांकावरून कळतं, पाहुणा जुनाच आहे. काही बदल केला नाही तर ही कुकी दोन वर्षं राहते. त्याबरोबर कोणतं पान पाहिलं, किती वेळ, कुठला फोन, साधारण कोणतं शहर, इन्स्टाग्रामवरून आल्या की गूगलवरून, हेही नोंदलं जातं. आताच्या आवृत्तीत, म्हणजे जीए-४ मध्ये, आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखणारा क्रमांक) साठवला जात नाही. जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नवी माहिती घेणं थांबवलं, तरी तिचंच वर्णन करणाऱ्या पॉलिसी अजून सगळीकडे दिसतात.

त्याचं कारण उघड आहे, लोक पॉलिसी उचलून चिकटवतात. कोकणातल्या एका होमस्टेच्या साइटवर आम्ही 'कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचे हक्क' असा अख्खा परिच्छेद वाचला आहे. ॲनालिटिक्सचं नाव मात्र शोधूनही सापडलं नाही. आम्हाला विचाराल तर, आपल्या साइटवर जे चालतं तेवढंच साध्या मराठीत लिहिलेली दहा वाक्यं पुरतात. उदाहरणार्थ:

"या साइटवर किती लोक येतात आणि कोणती पानं पाहतात हे समजावं म्हणून आम्ही गूगल ॲनालिटिक्स वापरतो. त्यासाठी तुमच्या ब्राउझरमध्ये कुकी ठेवली जाते आणि मिळालेली माहिती गूगलकडे जाते. या माहितीतल्या व्यक्तिगणिक नोंदी आम्ही १४ महिने ठेवतो. नको असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमधून कुकी बंद करता येतात."

१४ महिने हा आकडा तसाच उतरवू नका. फुकटच्या ॲनालिटिक्समध्ये दोन किंवा १४ महिने असे पर्याय असतात. तुमच्या खात्यात जो निवडला असेल तोच लिहायचा. मेटा पिक्सेल (फेसबुक-इन्स्टाग्राम जाहिरातींसाठी साइटवर टाकायचा कोड) किंवा मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी लावलं असेल तर तेही लिहायचं. क्लॅरिटी तर पाहुण्याने कुठे बोट लावलं, कुठवर पान सरकवलं, हे चित्रफितीसारखं दाखवतं. लोकांना ते सांगितलेलंच बरं.

इथे आमची एक चूक कबूल करतो. एका साइटचा बुकिंग फॉर्म आम्ही असा जोडला होता की भरलेला मोबाइल नंबर 'धन्यवाद' पानाच्या पत्त्यातच दिसायचा. महिन्याने ॲनालिटिक्समधली पानांची यादी उघडली, तर ओळीने दहा आकडी नंबर! नाव, नंबर, ईमेल असली ओळख पटवणारी माहिती गूगलकडे पाठवायला त्यांच्याच अटींत मनाई आहे. आता प्रत्येक फॉर्म खोटा नंबर भरून तपासल्याशिवाय आम्ही साइट ताब्यात देत नाही.

कायद्याचं थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार, लोकांची माहिती घेणाऱ्या व्यवसायाने पॉलिसी साइटवर लावायची असते. एकट्याच्या मालकीचा धंदाही त्यात येतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. त्यात संमती मागताना मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल, म्हणजे मराठी आणि कोकणीही आल्या. १८ वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिरात दाखवायलाही तेव्हापासून बंदी असेल. शिक्षणसंस्थांना मर्यादित सूट आहे, तरी मुलांच्या क्लासच्या साइटवर आम्ही पिक्सेल जोडत नाही.

हापूस जर्मनीला किंवा नेदरलँड्सला पाठवणाऱ्यांसाठी मामला वेगळा. युरोपातल्या ग्राहकाला माल विकायला काढलात की तिथला जीडीपीआर, म्हणजे डेटा संरक्षणाचा कायदा, तुम्हालाही लागतो. तिथे पाहुणा 'हो' म्हणेपर्यंत ॲनालिटिक्सची कुकी बसता कामा नये. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असं युरोपियन न्यायालयाने २०१९ मध्येच ठरवलं. बऱ्याच साइटवरची कुकीसाठी परवानगी विचारणारी पट्टी नुसती शोभेची असते, कोड मागे आधीच चालू झालेला असतो. तुमच्याकडे अशी पट्टी असेल तर आम्ही तपासून देऊ.

पॉलिसीची लिंक प्रत्येक पानाच्या तळाशी आणि फॉर्मच्या बटणाजवळ ठेवतो, वर शेवटच्या बदलाची तारीख टाकतो. जाहिरात करणाऱ्या कुणी "हा कोड तेवढा साइटवर टाका" म्हणून काही पाठवलं, तर टाकण्याआधी आम्हाला व्हॉट्सॲप करा. पॉलिसीत एक ओळ वाढवायला आम्ही वेगळे पैसे घेत नाही.