निवडलेला मेनू-घटक उठावदार करणे (जावास्क्रिप्ट)

संकेतस्थळाच्या मेनूत वाचक सध्या ज्या पानावर आहे, त्या पानाची लिंक रंगाने, ठळक अक्षरांनी किंवा खालच्या रेघेने उठून दिसेल अशी करण्याची पद्धत. खूण कशी दिसावी हे सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या भाषेत, लिहिलेले असते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेने आधीच्या लिंकवरून ठरावीक क्लास (सीएसएसचा नियम ज्याच्यावरून लागू होतो ते नाव) काढायचा आणि योग्य लिंकवर लावायचा. २००६ साली आलेल्या जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) हे काम एका ओळीवर आणले. आता ब्राउझरमधल्याच ‘क्लासलिस्ट’ या सोयीमुळे तेवढ्यासाठी त्या लायब्ररीची गरज उरलेली नाही.

अवघड भाग आहे तो योग्य लिंक ओळखण्याचा. नवशिक्यांच्या कोडमध्ये बहुधा क्लिक झालेल्या लिंकलाच क्लास लावलेला असतो. त्या लिंकने नवे पान उघडले, की जुन्या पानाबरोबर तो क्लासही जातो आणि खूण क्षणभर दिसून नाहीशी होते. शिवाय व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून थेट आतल्या पानावर पोहोचलेला वाचक मेनूवर क्लिक करतच नाही. म्हणून खूण पत्त्यावरून ठरवावी: पान उघडताच चालू पत्त्यातला मार्ग (संकेतस्थळाच्या नावानंतरचा, तिरक्या रेघेने सुरू होणारा भाग) मेनूतल्या प्रत्येक लिंकच्या मार्गाशी ताडून पाहावा.

या ताडण्यातही खाचखळगे आहेत. शेवटची तिरकी रेघ एका पत्त्यात असते, दुसऱ्यात नसते. ‘या मार्गाने सुरू होणारी सगळी पाने’ असा निकष लावला तर मुखपृष्ठाची लिंक सगळीकडे उजळते, कारण तिचा मार्ग म्हणजे नुसती तिरकी रेघ. तिच्यासाठी तंतोतंत जुळणीच हवी. मराठी विकिपीडियासारखे देवनागरी पत्ते असले तर आणखी जपावे लागते. ॲड्रेसबारमध्ये मराठी अक्षरे दिसली, तरी जावास्क्रिप्टच्या हाती तो मार्ग टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात येतो. एकट्या ‘म’ची नऊ चिन्हे होतात. एचटीएमएलमध्ये (पानाचा मजकूर आणि लिंका ज्या भाषेत लिहितात तिच्यात) देवनागरीत लिहिलेल्या मार्गाशी ते जुळत नाही. लिंकचा ‘पाथनेम’ हा गुणधर्म वाचला, की दोन्ही बाजू एकाच रूपात येतात.

एकाच लांब पानावरच्या मेनूसाठी पडद्यावर कोणता विभाग आला हे ब्राउझरमधला ‘इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर’ जावास्क्रिप्टला कळवतो.

नुसत्या रंगाची खूण रंगांधांना दिसेलच असे नाही, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध वाचकापर्यंत क्लास पोहोचतच नाही. त्यांच्यासाठी त्याच लिंकवर ‘एरिया-करंट’ हा गुणधर्म ‘पेज’ या मूल्यासह लावावा. अपंगांनाही संकेतस्थळे वापरता यावीत यासाठीच्या २०१७ च्या एरिया १.१ मानकात तो आहे. सीएसएसचा नियम याच गुणधर्मावर बेतला, तर वेगळ्या क्लासचीही गरज पडत नाही.